बुधवारी दाखवायला या

देवगाव फाट्यावर तीन रस्ते एकमेकांना भेटतात. एक मंठ्यावरून जालन्याकडे जातो, एक जिंतूरकडे आणि एक सेलूकडे. रात्री अकराच्या सुमारास इथे कुणाची मोटारसायकल घसरली आणि मांडीचं हाड मोडलं, तर त्या पायाने कोणता रस्ता धरायचा हे ठरवायला फार वेळ नसतो. पण कोणताही धरला तरी तो एखाद्या सरकारी मेडिकल कॉलेजपाशी पोचतो. जालन्यात २०२४ साली कॉलेज सुरू झालं. त्याच्या पुढे छत्रपती संभाजीनगरची घाटी आहे, १९५६ पासूनची. जिंतूरवरून परभणी गाठता येते, तिथलं कॉलेज २०२३ चं, आणि परभणीच्या पुढे १९८८ पासूनचं नांदेडचं. सेलूवरून पाथरी, सोनपेठ, परळी करत गेलं की अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय येतं. पेशंटला तिथवर आणणारी १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे.

घाटीत काय, नांदेडला काय किंवा अंबाजोगाईला काय, कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता त्या पायाजवळ सगळ्यात आधी जो येऊन उभा राहतो तो प्राध्यापक नसतो. पंचविशी ओलांडलेला, डोळे तांबारलेला एक मुलगा असतो. हल्ली अधूनमधून मुलगीही असते. सिस्टर त्याला ‘ऑर्थोचा जेआर-वन’ म्हणतात, म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली, नीट-पीजीच्या चाळणीतून पार पडला, आणि आता एमएस ऑर्थोपेडिक्सच्या तीन वर्षांतलं त्याचं पहिलं चाललंय. पेशंटचे नातेवाईक त्याला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतात आणि लगेच विचारतात, ‘मोठे साहेब कधी येणार?’

या तीन वर्षांच्या शिक्षणाकडे बाहेरून पाहिलं तर नुसता गोंधळ दिसतो. आज कॅज्युअल्टी, उद्या ओटी (ऑपरेशन थिएटर), परवा ओपीडी. सहा महिन्यांनी युनिट बदललं, मध्येच प्लास्टर रूम, मध्येच दुसऱ्या गावी पोस्टिंग. पण जरा जवळ जाऊन पाहिलं की नवल वाटतं. या वेळापत्रकाचा बराचसा भाग प्रशासनाने आखलेलाच नाही, तो हाडांनी आखलेला आहे. मोडलेल्या हाडाला एकाच वेळी अनेक घड्याळं लागू होतात. काही तासांवर चालतात, काही आठवड्यांवर आणि एखादं चार-चार वर्षांवर. ती सगळी एकाच माणसाला वाचता यावीत म्हणून त्याला असं फिरवत ठेवतात.

सगळ्यात वेगवान घड्याळ रक्ताचं. मांडीचं हाड मोडलं की लिटर-दीड लिटर रक्त मांडीतल्या मांडीतच साठू शकतं, बाहेर एक थेंबही न दिसता. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्त पाचेक लिटर. म्हणून जेआर-वन आधी ‘फोटो’ (एक्स-रे) मागत नाही. श्वास, नाडी, रक्तदाब पाहतो, शिरेत जाड सुई लावतो, रक्तपेढीला नमुना पाठवतो आणि पाय ताणून बांधतो. ताण दिल्याने दुखणं कमी होतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आखडून फुगलेली मांडी पुन्हा लांबट होते, आत रक्त साठायला जागा कमी उरते आणि स्राव मंदावतो.

हा ताण देणारी जुनी चौकट अजूनही ऑर्थोच्या वॉर्डांत दिसते: जांघेत बसणारी चामड्याची कडी आणि खाली पावलापर्यंत दोन सळ्या. तिला टॉमस स्प्लिंट म्हणतात. कडीचं माप घ्यायला चुकलं तर जांघेत जखम होते, म्हणून माप घेणं हा पहिल्या आठवड्याचा धडा. ही चौकट आली एका हाडवैद्याच्या घरातून. ह्यू ओवेन टॉमस लिव्हरपूलचा. त्याचे वडील इव्हान टॉमस पिढ्यान्‌पिढ्या हाडं बसवणाऱ्या वेल्समधल्या घराण्यातले, पदवी नसलेले. डॉक्टरमंडळींनी त्यांना कोर्टात खेचलं, तेव्हा त्यांनी आपले पाचही मुलगे वैद्यकीय शिक्षणाला पाठवले. ह्यूने ही चौकट शोधली. समकालीनांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पुढे पहिल्या महायुद्धात त्याच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स याने ती फ्रान्सच्या आघाडीवर नेली. बंदुकीच्या गोळीने मांडीचं हाड फुटलेल्या सैनिकांतले शंभरातले ऐंशी दगावत होते. ते प्रमाण विसाच्या आसपास आलं, असं तेव्हाचे आकडे सांगतात. दोन सळ्या आणि एक कडी, बस्स.

दुसरं घड्याळ जखमेचं, आणि त्याची कथा मला सगळ्यात अजब वाटते.

हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर जखम धुऊन मेलेलं मांस काढून टाकावं लागतं. ते किती वेळात? जगभरच्या ऑर्थो विभागांत शंभर वर्षं एकच उत्तर होतं: सहा तासांत. या सहा तासांपायी किती पिढ्यांतल्या शिकाऊ डॉक्टरांची झोप गेली असेल याचा हिशेब नाही. आणि हा आकडा आला कुठून? १८९८ साली पाउल लेओपोल्ड फ्रीडरिख नावाच्या जर्मन सर्जनने गिनीपिगांच्या जखमांत बागेतली माती आणि जिन्यावरची धूळ भरली, आणि किती वेळापर्यंत जखम कापून साफ केली तर प्राणी वाचतो ते पाहिलं. सहा तासांनंतर फायदा दिसेना. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. पेनिसिलिन आलं, शस्त्रक्रियेची खोली पार बदलली, तरी गिनीपिगांचे सहा तास ड्यूटीच्या तक्त्यात तसेच राहिले.

अलीकडच्या दशकांत हजारो पेशंटांच्या नोंदी तपासल्यावर चित्र उलगडलं. प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन तासाभरात मिळणं जास्त मोलाचं आहे. जखम दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांच्या अनुभवी सर्जनने धुतली तरी बहुतेकदा बिघडत नाही. ब्रिटनच्या ऑर्थोपेडिक संघटनेचे निकष आज १२ आणि २४ तासांची मुभा देतात. पण त्यांत अपवाद आहेत, आणि ते वाचताना डोळ्यांसमोर आपलाच मुलूख येतो. शेतातली घाण, गटाराचं पाणी किंवा तुटलेली रक्तवाहिनी असेल तर थांबायचं नाही, लगेच ओटी. परभणीच्या काळ्या रानात कडबा कुट्टीत गेलेला हात किंवा शेणामातीत घासलेली नडगी यांना सकाळची वाट पाहायची सवलत नाही. तेव्हा आपल्याकडच्या जेआरची झोप त्या गिनीपिगांनी अजून पुरती सोडलेली नाही.

या रात्रीच्या शस्त्रक्रियेत काय करायचं नाही, हे शिकायला जास्त वेळ लागतो. तरुण हातांना वाटतं, आलंच आहे टेबलावर तर रॉड टाकून मोकळं व्हावं. पण रक्त गेलेल्या, थंड पडलेल्या माणसावर मोठं ऑपरेशन लादलं तर हाड सरळ होतं आणि माणूस हातचा जातो. म्हणून अशा रात्री बाहेरून चार पिना आणि एक दांडा, म्हणजे फिक्सेटर, एवढ्यावरच थांबायचं. जखम धुवायची, हाड स्थिर करायचं, बाकीचं नंतर. जेआर-थ्री जेव्हा ‘आज एवढंच’ म्हणायला लागतो तेव्हा त्याला काहीतरी आलं असं मी समजेन.

तिसरं घड्याळ सगळ्यात फसवं. झाडावरून पडलेली सहा-सात वर्षांची पोरगी, कोपराच्या वरचं हाड मोडलेलं. हाड बसवलं, कच्चं प्लास्टर घातलं, वॉर्डात निजवली. पहाटे तीनला सिस्टरचा फोन येतो: ‘डॉक्टर, ती मुलगी रडायची थांबत नाहीये.’ आता फोनवरच दुखण्याचं औषध सांगून कूस बदलता येते. कॉल ड्यूटीचा कस लागतो तो इथे, वॉर्डाकडे जाणाऱ्या जिन्यावर. जो उठून जातो त्याला कळतं.

आपल्या हातापायांतले स्नायू चिवट आवरणांच्या कप्प्यांत भरलेले असतात. मार लागून आत सूज आली की कप्पा ताणत नाही. गच्च शिवलेल्या पोत्यात आणखी धान्य कोंबावं तसा आतला दाब नुसता चढत जातो. आधी बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि स्नायू घुसमटायला लागतो. मोठ्या धमनीतला दाब मात्र याहून बराच जास्त, त्यामुळे मनगटावर नाडी छान लागते, बोटं गुलाबी दिसतात आणि नवखा डॉक्टर निर्धास्त होतो. खरी खूण वेगळीच. मुलीची मिटलेली बोटं हलकेच सरळ करून पाहायची. ती किंचाळली, आणि ते दुखणं मोडीच्या मानाने फारच जास्त वाटलं, तर प्लास्टर तिथल्या तिथे कापसापर्यंत उघडायचं, सीनियरला उठवायचं आणि आराम पडला नाही तर कप्पा चिरून मोकळा करायचा. सहा-आठ तास असेच गेले तर स्नायू मरतो, त्याचा दोर होतो, आणि हात आयुष्यभर पंजा वळलेला राहतो. १८८१ साली हा प्रकार नीट मांडणारे जर्मनीतले रिशार्ड फॉन फोल्कमान टोपणनावाने मुलांच्या परीकथाही लिहीत.

आपल्याकडे ही वेळ बहुधा घट्ट बांधलेल्या बांबूच्या कामट्यांमुळे येते. हाडवैद्याला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही; त्यांच्यातल्या काहींचा हात खरंच बसलेला असतो. पण ताज्या मोडीवर आवळून बांधणं आणि चार दिवस सोडून न पाहणं, ही चूक पदवी असलेल्याने केली तरी तिचा शेवट तोच. जेआर-वनचं रात्रीतलं सगळ्यात मोठं काम म्हणजे बांधलेल्या हातापायाकडे पुन्हा पुन्हा जाऊन पाहणं.

हे सगळं एकट्याने करायचं नसतं, हे सांगायला हवं. जेआर-वनच्या वर जेआर-टू आणि थ्री, त्यांच्या वर सीनियर रेसिडेंट, मग लेक्चरर (पदाचं नाव बदललं तरी वॉर्डात हाच शब्द चालतो), मग युनिटचे प्रमुख. फोन पायरी-पायरीने वर जातो. एक्स-रेचा फोटो व्हॉट्सॲपवर, आणि तोंडी माहिती ठरलेल्या क्रमाने: वय, काय झालं, किती वाजता झालं, जखम उघडी की बंद, नाडी कशी, बोटं हलतात का. वेळ लवकर सांगावी लागते, कारण पलीकडचा झोपेतला सर त्या एका आकड्यावर उठायचं की नाही ते ठरवतो. आणि पायरीच्या बाहेरचेही गुरू असतात. पहिलं पक्कं प्लास्टर कसं ओलं करायचं, किती पिळायचं, बोटांचे ठसे न उमटवता तळव्याने कसं धरायचं, हे शिकवणारा बहुधा प्लास्टर रूममधला मामा असतो. प्लास्टर घट्ट होताना गरम का लागतं ते पुस्तक सांगतं: भाजून कोरडी केलेली चिरोडी पाणी परत घेते आणि उष्णता सोडते. पाणी कोमट झालंय, घाई कर, हे मामा सांगतो.

आता झोपेबद्दल. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी माणसांना जागं ठेवून आणि दारू पाजून, अशा दोन्ही रीतींनी तपासलं. सलग १७ तास जागलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकं ढासळलं होतं. २४ तासांनंतर ते ०.१० टक्क्यांच्या पातळीवर गेलं. आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली, तिला पाहणारे शिकाऊ डॉक्टर कामाने पिचलेले होते, आणि वडिलांनी लढा दिल्यावर तिथे १९८९ मध्ये आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. २००३ पासून ती साऱ्या अमेरिकेत लागू झाली. आपल्याकडे केंद्र सरकारने १९९२ सालीच दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तास असं लिहून ठेवलं होतं. ते किती पाळलं गेलं हे कोणत्याही रेसिडेंटला विचारा, तो हसेल. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेच्या संपांत हा मुद्दा येत राहिला. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने ७४ तासांची शिफारस केली: एक २४ तासांची ड्यूटी, पाच दिवस दहा-दहा तास, एक दिवस सुट्टी. १९९२ च्या आकड्याहून हा २६ तासांनी जास्त आहे, तरी तो आल्यावर सुटकेचा श्वास टाकणारे होते.

आणि आता ज्या घड्याळाने मला हा सगळा विषय लिहायला लावला, ते. सरकारी दवाखान्याच्या कार्डावर डॉक्टर लिहून देतात, ‘बुधवारी दाखवायला या.’ पेशंटला वाटतं, ही त्यांची सोय. गुरुवारी गेलं तर ‘हे आमच्या युनिटचं नाही’ ऐकावं लागतं आणि देवगाव फाट्यापासून केलेली एसटीची खेप वाया जाते. चीड येणं साहजिक आहे. पण त्यामागे काय आहे ते पाहा.

ऑर्थो विभाग युनिटांत वाटलेला असतो. बहुतेक ठिकाणी प्रत्येक युनिटला आठवड्याचा एक वार ठरवून दिलेला असतो, आणि त्या वारी ओपीडीही त्याच युनिटची आणि चोवीस तासांची इमर्जन्सीही त्याचीच. पुढच्या वारी त्यांची ओटी. समजा तुमचा पाय बुधवारी मोडला, तर तुम्ही बुधवारच्या युनिटचे झालात.

आता हाडाकडे वळू. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातले जॉर्ज पर्किन्स यांनी हाड सांधण्याचा एक ओबडधोबड पाढा देऊन ठेवला आहे, आणि जेआर तो परीक्षेच्या आधी घोकतात. मोठ्या माणसाच्या हाताचं हाड पिळवटून मोडलं तर ते ३ आठवड्यांत चिकटतं. पक्कं व्हायला त्याची दुप्पट, ६. पाय असेल तर आणखी दुप्पट, १२. आडवी मोड असेल तर पुन्हा दुप्पट, २४. लहान मुलांना याच्या निम्मं. आधी मोडीभोवती रक्ताची गाठ, मग मऊ कूर्चेचा पूल, मग त्यात चुना भरून कच्चं हाड, आणि मग वर्ष-दोन वर्षं चालणारी घासाघीस. कातडी जुळते तिथे व्रण राहतो. हाड मात्र पुन्हा हाडच तयार करतं, आणि शरीरात असं करू शकणाऱ्या गोष्टी फार थोड्या.

तीन, सहा, बारा, चोवीस. सगळे आकडे आठवड्यांचे. बुधवारी मोडलेल्या हाडाचा तिसरा आठवडा बुधवारी भरतो, सहावा बुधवारी, बारावाही बुधवारीच. ज्या पोराने रात्री दोन वाजता तुमच्या पायात पिन घातली होती, तोच सहा आठवड्यांनी ओपीडीच्या गर्दीत तुमचा नवा एक्स-रे उजेडावर धरतो आणि मोडीभोवती धुक्यासारखा उमटलेला नव्या हाडाचा पुंजका पाहतो. पाय जरा वाकडा जुळला असेल तर तेही त्यालाच दिसतं, आणि त्या रात्री आपल्या हातून काय राहून गेलं ते त्याला कुणी सांगावं लागत नाही. कार्डावरचा वार पाळला नाही तर पेशंटची खेप वाया जाते, हे खरंच आहे. पण शिकणाऱ्या डॉक्टरचाही तो धडा बुडतो.

सहा महिन्यांच्या आसपास युनिट बदलायचं, यातही हाच हिशेब बसतो. २४ आठवडे म्हणजे जवळपास सहा महिने. पायाची एखादी हट्टी मोड पहिल्या रात्रीपासून काठी टाकून चालेपर्यंत पाहायला तेवढे लागतात. काही आजारांना मात्र तेही पुरत नाहीत. मणक्याच्या क्षयाला वर्ष-दीड वर्ष गोळ्या लागू शकतात. जन्मतः पाय आत वळलेल्या बाळांना पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाच-सहा आठवड्यांत सरळ करता येतं, पण मग चार वर्षांचं होईपर्यंत रात्री बूट घालून झोपवावं लागतं. ज्या जेआरने पहिलं प्लास्टर घातलं तो तोवर एमएस होऊन कुठल्या कुठे गेलेला असतो. अशा वेळी कार्डावरची नोंद हीच युनिटची आठवण, म्हणून गिचमिड अक्षराबद्दल डॉक्टरांना कितीही माफ केलं तरी इथे करू नये.

२०२१ पासून प्रवेश घेतलेल्या प्रत्येक पीजी विद्यार्थ्याला आणखी एक फेरा आहे: तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम. कॉलेजच्या ओटीत सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना हाड दाखवणारं एक्स-रे यंत्र), रक्तपेढी, चार सीनियर हाताशी असतात. जिल्हा रुग्णालयात एखादी रात्र अशी येते की त्यातलं काहीच नसतं आणि ठरवायचं एवढंच असतं की हा पाय इथे ठेवायचा की पुढे पाठवायचा. आजवर तो पुढच्या टोकाला उभा राहून आलेल्या चिठ्ठ्या वाचत होता आणि चिडत होता: इंजेक्शन दिलं का लिहिलेलं नाही, कधी बांधलं ते लिहिलेलं नाही. आता चिठ्ठी त्यालाच लिहायची असते. कॅज्युअल्टीत शेजारी दुसरा पेशंट ओरडत असताना ती किती नीट लिहून होते, हे त्याला तिथे कळतं.

त्या चिठ्ठीतलं निम्मं तर फाट्यावरच्या माणसांनाही सांगता येतं. अपघात किती वाजता झाला, जखमीने शेवटचं कधी आणि काय खाल्लं (भुलेच्या डॉक्टरला ते लागतं, म्हणून चहासुद्धा पाजू नये), पायाची बोटं तो हलवत होता का, जखमेत माती गेली का. पाय ओढून सरळ करायचा नाही. मोडीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलणार नाहीत असा फळीला किंवा दुसऱ्या पायाला बांधायचा, बोट आत सरकेल इतका सैल, आणि बोटं उघडी ठेवायची. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरायचं, हळद किंवा माती घालायची नाही. एवढं करून १०८ ला फोन केला, तर मंठ्याकडे गाडी वळो की जिंतूरकडे की सेलूकडे, पलीकडे जागा असलेल्या जेआर-वनला पहिले चार प्रश्न विचारावे लागत नाहीत.